जनसुनवाईचा मांडव कोणाच्या पैशाचा?

तालुक्याला जनसुनवाई ठरली की पहिली अडचण येते ती गाडीची. डोंगरातल्या पाड्यावरून सकाळची एसटी एकच, ती चुकली की दिवस गेला. मग कार्यकर्ते दोन जीप ठरवतात. पंचायत समितीचं सभागृह मिळालं तर उत्तम, नाहीतर मांडव, खुर्च्या, माईक. दीड-दोनशे माणसांचा चहा आणि दुपारचं जेवण. गावागावांतली माहिती मांडणारे तक्ते, अर्जांच्या झेरॉक्स. आपलं बाळंतपण कसं झालं आणि दवाखान्यात कोणी किती पैसे मागितले हे सांगायला जी बाई उभी राहणार, तिची त्या दिवसाची मजुरी बुडालेली असते. ती कुठल्याच बिलात धरलेली नसते. समोर बसलेल्या तालुका आरोग्य अधिकाऱ्यांचा आणि गटविकास अधिकाऱ्यांचा पगार मात्र त्या दिवशीही चालूच असतो.

प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत, असं शहरातल्या माणसाला वाटतं. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, माहितीच्या प्रत्येक पानाला दोन रुपये. सरकारी दर एवढाच. पण तो अर्ज लिहिणारा, आलेल्या उत्तरातली खोच ओळखणारा, पहिलं आणि दुसरं अपील लावून धरणारा, आमदारांच्या कार्यालयात हेलपाटे मारणारा कोणीतरी लागतो. त्याचं घर कशावर चालतं? लोकसंघटनांच्या बैठकांमध्ये हा विषय नेहमी शेवटी निघतो, तोही अर्धी माणसं उठून गेल्यावर.

माझं मत आधीच सांगतो. अभ्यासाचा, कागदपत्रांचा आणि पूर्णवेळ कार्यकर्त्याच्या मानधनाचा खर्च बाहेरून आला तरी बिघडत नाही. मोर्चाला जमणाऱ्या माणसांचा खर्च मात्र त्या माणसांनीच केलेला बरा. हा नियम कुठल्या कायद्यात लिहिलेला नाही. गेल्या तीस-चाळीस वर्षांतले प्रयोग पाहिले की तो दिसायला लागतो.

महाराष्ट्रातला यातला सगळ्यात धाडसी प्रयोग खुद्द सरकारच्या पैशावर झाला. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं. सरकारी आरोग्यसेवेवर लोकांनीच लक्ष ठेवावं, अशी तरतूद त्याच्या आराखड्यात होती. २००७ मध्ये नऊ राज्यांत ही ‘लोकाधारित देखरेख’ करून पाहायचं ठरलं. महाराष्ट्रात राज्य पातळीवरची जबाबदारी पुण्याच्या ‘साथी’ या संस्थेकडे आली. अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचं धाराशिव), पुणे आणि ठाणे हे पाच जिल्हे निवडले. जिल्ह्यात तीन तालुके, तालुक्यात तीन प्राथमिक आरोग्य केंद्रं, प्रत्येक केंद्राखाली पाच गावं, अशी २२५ गावं झाली. तालुक्यातलं काम तिथे आधीपासून रुजलेल्या स्थानिक संस्था-संघटनांना दिलं आणि त्यासाठी लागणारा पैसा आरोग्य अभियानातूनच आला. म्हणजे ज्या खात्याचे दोष काढायचे, त्याच खात्याने दोष काढणाऱ्यांचा प्रवासखर्च द्यायचा!

काम कसं चालायचं? गावच्या समितीतली माणसं घरोघरी आणि बैठकीत ठरलेले प्रश्न विचारत. नर्सबाई ठरल्या दिवशी येतात का, लसीकरण होतं का, दवाखान्यात औषध मिळतं की बाहेरून आणायची चिठ्ठी हातात ठेवतात, पैसे मागतात का. उत्तरांवरून एकेका सेवेला रंग द्यायचा. हिरवा म्हणजे चांगली, पिवळा म्हणजे बरी, लाल म्हणजे वाईट. निरक्षर बाईलाही तो तक्ता लांबून वाचता येई. गावापासून आरोग्य केंद्र, तालुका, जिल्हा आणि राज्य अशा समित्यांची उतरंड होती. त्यांत अधिकारी होते, संघटनांचे प्रतिनिधी होते, आणि सरपंच, पंचायत समिती सदस्य, जिल्हा परिषद सदस्य असे निवडून आलेले लोकही होते.

या निवडून आलेल्यांच्या दृष्टीने पाहिलं तर प्रयोगाचं मोल जास्त कळतं. जिल्हा परिषदेच्या सदस्याला स्वतःचा अभ्यास सहायक नसतो. सर्वसाधारण सभेत आरोग्य केंद्राचा विषय काढायचा तर तो ऐकीव माहितीवर काढणार, आणि अधिकारी एका वाक्यात उडवून लावणार. आता त्याच्या हातात तालुक्यातल्या पंधरा गावांचा रंगीत तक्ता येऊ लागला. शिवाय तो सरकारच्याच कार्यक्रमातला कागद, म्हणजे खोटा म्हणून झटकायची सोय नाही. पुढे जनसुनवाईत सगळ्यांच्या देखत ‘अमुक तारखेपर्यंत करतो’ असं अधिकाऱ्याला बोलावं लागे, आणि पुढच्या सुनवाईला तीच तारीख पुन्हा वाचली जाई. पहिल्या तीन फेऱ्यांत ‘चांगली’ शेरा मिळालेल्या सेवांचं प्रमाण वाढत गेलं. कार्यक्रमही नंतर आणखी जिल्ह्यांत पसरला.

दुखणं होतं पैशाच्या वाटेत. दिल्लीहून राज्याच्या आरोग्य सोसायटीकडे, तिथून राज्याच्या समन्वय संस्थेकडे, मग जिल्हा, मग तालुका. मंजुरी यायला उशीर, पहिला हप्ता येईपर्यंत अर्धं वर्ष सरलेलं, आणि ३१ मार्चच्या आत खर्च दाखवायची घाई. मोठी संस्था अशा वेळी दुसऱ्या प्रकल्पातून सावरून नेते. धारणी किंवा धडगावातल्या दोन खोल्यांच्या कार्यालयाला ते जमत नाही. चार महिने मानधन थकलं की कार्यकर्ता दुसरी नोकरी धरतो, आणि त्याच्याबरोबर गावागावांतली ओळखही जाते. नवा माणूस नेमता येतो. तक्त्यात लाल रंग भरताना आपल्याच नर्सबाईसमोर गावकऱ्यांना धीर यावा, इतका विश्वास त्याला पहिल्या वर्षी मिळत नाही. जनसुनवाई नको असेल तर सरकारला ती बंद करायची गरजच नसते, हप्ता लांबवला की पुरतं. कोणी मुद्दाम लांबवतो असं मला म्हणायचं नाही. ज्याला झोंबतं त्याच्याच हातात किल्ली असणं हीच मुळात वाईट मांडणी.

अमेरिकेत हेच जास्त उघडपणे झालं होतं. १९६४ साली राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या दारिद्र्यनिर्मूलन मोहिमेत एक कायदा झाला. गरीब वस्त्यांतल्या कार्यक्रमांत तिथल्याच रहिवाशांचा शक्य तेवढा जास्त सहभाग असावा, असं त्यात लिहिलं होतं. वॉशिंग्टनचा पैसा थेट वस्तीतल्या मंडळांकडे जाऊ लागला. मंडळांनी काय केलं? भाडेकरूंना एकत्र केलं, मतदारनोंदणी केली आणि महापौरांच्या दारात जाऊन बसली. महापौर खवळले, आपल्याच पक्षाचं सरकार आपल्याविरुद्ध माणसं पोसतंय म्हणाले. १९६७ मध्ये ओरेगॉनच्या खासदार एडिथ ग्रीन यांच्या नावाने ओळखली जाणारी दुरुस्ती आली. ही मंडळं ताब्यात घ्यायचा अधिकार स्थानिक सत्तेला मिळाला आणि त्यांच्या कार्यकारिणीत एक तृतीयांश जागा सरकारी पदाधिकाऱ्यांना गेल्या. प्रत्यक्षात फार थोड्या शहरांनी ताबा घेतला. धाक पुरला असावा.

म्हणून सरकारी पैसा नकोच, असं म्हणणं मात्र आळसाचं आहे. तो जनतेचाच पैसा आहे. तो कोणत्या नळीतून येतो एवढंच पाहायचं. आपल्याकडे रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्याखाली सामाजिक अंकेक्षणाची सोय झाली, तेव्हा हा धडा थोडाफार गिरवलेला दिसतो. गावातल्या कामांची तपासणी गावकऱ्यांच्या मदतीने करायची, हजेरीपट आणि मापं ग्रामसभेत वाचायची, आणि त्यासाठी काम करणाऱ्या खात्यापासून वेगळं असं स्वतंत्र पथक राज्यात उभं करायचं. त्याचा खर्च योजनेच्या एकूण खर्चाच्या अर्ध्या टक्क्यापर्यंत, आणि तोही केंद्राकडून थेट. अर्धा टक्का ऐकायला चिमूटभर वाटतो. हजारो कोटींच्या योजनेत तो एका राज्यभरच्या तपासणीला पुरतो, शर्त एवढीच की वेळेवर यायला हवा. आरोग्य, शिक्षण, पाणी या खात्यांत असा ठरलेला अर्धा टक्का का नाही, हे एखाद्या आमदाराने विधानसभेत विचारायला हरकत नाही.

परदेशी पैशाची गोष्ट वेगळी. १९८० आणि ९० च्या दशकांत ग्रामीण महाराष्ट्रातल्या कितीतरी संस्था युरोपातल्या देणगीदारांच्या पैशावर उभ्या राहिल्या. साधारण रीत अशी असे. पुण्या-मुंबईतली मोठी संस्था देणगी आणणार, इंग्रजीत अहवाल लिहिणार, आणि त्यातला वाटा दुर्गम तालुक्यातल्या छोट्या संस्थेला देणार. परकीय योगदान नियमन कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने हा मार्गच बंद केला. मिळालेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. कार्यालय, हिशेबनीस, भाडं अशा प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. देणगी जमा होण्याचं खातं स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या संसद मार्गावरच्या शाखेतच काढावं लागतं. देशाच्या राजकारणात परक्या पैशाने ढवळाढवळ होऊ नये, हा हेतू रास्तच. निवडणुकीचा उमेदवार, आमदार, खासदार आणि राजकीय पक्ष यांना परदेशी देणगी घेता येत नाही आणि तसंच असावं.

पण राजकारण कशाला म्हणायचं? २०११ च्या नियमांनुसार बंद, हरताळ, रास्ता रोको करणाऱ्या संघटनेलाही ‘राजकीय स्वरूपाची’ ठरवता येत होतं. ६ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘इन्साफ’ या मंचाच्या खटल्यात त्याचा अर्थ मर्यादित केला. पक्षीय राजकारणाशी संबंध नसलेल्या संघटनेने लोकांच्या प्रश्नासाठी आंदोलन केलं, एवढ्यावरून तिची परदेशी मदत बंद करता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. निकाल चांगला होता. त्याच वर्षी सप्टेंबरात दुरुस्ती आली आणि छोट्या संस्थांपर्यंत पैसा पोचायचाच थांबला.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चणं बंधनकारक केलं. परवानगी असलेल्या विषयांच्या यादीत शिक्षण, आरोग्य, पर्यावरण, ग्रामविकास आहे. ग्रामसभेत सरपंचाला हिशेब विचारायला शिकवणं हे ग्रामविकासात ओढूनताणून बसवता येईल, पण कंपनीला मोजता येणारी आणि फोटो निघणारी गोष्ट हवी असते. दप्तरं वाटता येतात. ज्या आमदाराकडे कारखान्याच्या रस्त्याचं काम अडलंय, त्याला अडचणीत आणणाऱ्या मंडळाला कुठली कंपनी पैसे देईल?

आता उलट टोक. राजस्थानातली मजदूर किसान शक्ती संघटना १ मे १९९० ला स्थापन झाली. राजसमंद जिल्ह्यातल्या देवडुंगरी गावात मातीच्या घरात राहणारे अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह आणि त्यांच्याबरोबरचे शेतकरी-मजूर. संस्थात्मक निधी घ्यायचा नाही, व्यक्तींकडूनच देणगी घ्यायची आणि कार्यकर्त्याने किमान वेतनाइतकंच घ्यायचं, हा त्यांचा नेम. २ डिसेंबर १९९४ ला कोट किराना इथे त्यांची पहिली जनसुनवाई झाली. रोजगाराच्या कामांचे कागद वाचले गेले तेव्हा कधीच न बांधलेल्या बांधकामांचा खर्च बाहेर पडला. १९९६ मध्ये ब्यावरला माहितीच्या हक्कासाठी चाळीस दिवस धरणं चाललं. त्या चाळीस दिवसांचा खर्च कोणी केला, हे समजून घेण्यासारखं आहे. गावांतून धान्य आलं, बाजारातल्या भाजीवाल्यांनी भाजी दिली, शहरातल्या लोकांनी पैसे टाकले. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा देणाऱ्यांना कोणी ‘तुमचे पैसे कुठून येतात?’ असं विचारलं तर उत्तर तिथेच चुलीवर शिजत होतं. सत्ताधाऱ्यांचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात परिणामकारक प्रतिप्रश्न त्याने निकामी झाला.

महाराष्ट्रातल्या कार्यकर्त्यांनी मधला मार्ग शोधला. संस्था वेगळी, संघटना वेगळी. संस्था म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली, लेखापरीक्षण होणारी, देणगी घेणारी. ती शाळा चालवते, प्रशिक्षण देते, माहिती गोळा करते. संघटना सभासदांची. पावती फाडून वर्गणी घेणारी, मोर्चा काढणारी. ठाणे जिल्ह्यात विधायक संसद आणि श्रमजीवी संघटना ही जोडी याच पद्धतीची. बाहेरून पाहणाऱ्याला यात चलाखी वाटते, कारण माणसं बरेचदा तीच असतात. मला ही विभागणी प्रामाणिक वाटते, कारण तिच्यामुळे एक शिस्त आपोआप पाळली जाते. मोर्चाला यायचं तर भाकरी बांधून आणि तिकीट काढून यायचं. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात मोर्चा पोलिसांनी टेकडी रोडला अडवला की शिष्टमंडळ आत जातं आणि मंत्र्यांचा पहिला सवाल असतो, ‘किती माणसं आणलीत?’ आणलेली आणि आलेली माणसं यांतला फरक त्यांच्याइतका कोणाला कळत नाही. ते स्वतः दर निवडणुकीला माणसं आणतच असतात.

हा सवाल मराठी मुलखाला नवा नाही. २ एप्रिल १८७० रोजी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी सभासदत्वाला अट घातली होती. किमान पन्नास माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणल्याशिवाय सभासद होता येणार नाही. सुरुवातीला ९५ सभासद झाले, त्यांच्यामागे सहा हजार लोकांच्या सह्या होत्या. तेव्हा निवडून आलेले लोकप्रतिनिधी नव्हतेच. अर्ज करायचा तो गव्हर्नराकडे किंवा थेट ब्रिटिश पार्लमेंटकडे. १८७५ मध्ये सभेने पार्लमेंटमध्ये हिंदुस्थानला प्रतिनिधित्व मागितलं होतं. सरदार-वकिलांच्या पाठबळावर चाललेली ही सभा सामान्यांची म्हणता येणार नाही. तरी ‘तुम्ही कोणातर्फे बोलता?’ याचं उत्तर कागदावर तयार ठेवायची समज तिला होती. आजच्या कित्येक प्रकल्प-प्रस्तावांत पंचवीस हजार ‘लाभार्थी’ असतात आणि पन्नास सह्या नसतात.

लोकवर्गणी गरिबांना परवडत नाही, हा आक्षेप खराच आहे. त्याचं उत्तर गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने दिलं. धानोऱ्याजवळचं हे गोंडांचं गाव ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ या घोषणेमुळे माहीत झालं. घोषणेमागची पैशाची व्यवस्था तेवढी माहीत नाही. ग्रामसभेमार्फत मिळालेल्या मजुरीतला दहावा हिस्सा प्रत्येकाने ग्रामकोषात टाकायचा. गावात अभ्यास गट होता. वनहक्क, बांबू, पंचायत कायदा यांवर तिथे तासन् तास चर्चा चाले, बाहेरून मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे मित्र येत. निर्णय मात्र ग्रामसभेत आणि सर्वसहमतीनेच. २००९ मध्ये गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबू विकायला लागणारा वाहतूक परवाना वनखातं देईना. गावाने हा विषय वर्षभर लावून धरला. २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि परवान्यांचं पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिलं. त्यानंतरच्या विक्रीतून ग्रामसभेचं उत्पन्न कोटीच्या घरात गेलं, तिने स्वतःचं पॅन कार्ड काढलं. मंत्र्याला गावात बोलवायला यांना कोणाचा प्रकल्प लागला नाही. आधी कोष होता, म्हणून लावून धरता आलं. लावून धरलं, म्हणून कोष भरला.

या वाटेने पुढे जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा गेल्या. कोरचीत तेंदूपानांचा लिलाव ग्रामसभांनी स्वतः केला आणि महाग्रामसभा उभी केली, तिचा खर्च गावांच्या वर्गणीतून. शहरी वाचकाला हे दूरचं वाटेल. पण शहरातली स्थिती खरं तर जास्त केविलवाणी आहे. प्रभाग समितीवर स्वयंसेवी आणि वस्ती संघटनांचे तीनपर्यंत प्रतिनिधी घेण्याची तरतूद कायद्यात आहे, आणि त्यांना निवडतात नगरसेवकच. क्षेत्र सभेचा कायदा २००९ मध्ये झाला, सभा कुठे भरते ते कोणी दाखवून द्यावं. झोपडपट्टीतल्या मंडळाला वनोपज नाही, ग्रामकोष नाही. असते ती गणपतीची वर्गणी, आणि तिची सगळ्यात मोठी पावती नगरसेवकाच्या नावाची.

लोकप्रतिनिधींकडे नुसतं जाऊन भागत नाही याचं कारणही पैशातच आहे. खासदाराला वर्षाला पाच कोटींचा स्थानिक विकास निधी असतो, आमदारालाही असतो. मंडळ प्रश्न घेऊन गेलं की साहेब कळवळ्याने ऐकतात आणि विचारतात, ‘काय काम सुचवता? पत्र द्या.’ शाळेत शिक्षक का नाहीत हे विचारायला गेलेली माणसं समाजमंदिराचं किंवा पेव्हर ब्लॉकचं पत्र देऊन परततात. पुढच्या वेळी प्रश्न विचारताना जीभ जरा जड होते. तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी ही त्याच आमदाराची दुसरी ताकद, आणि तिला एक रुपयाचा निधी लागत नाही. ती वापरायला तयार मसुदा, आकडे आणि कागदपत्रं लागतात. बाहेरचा पैसा खर्चायचा तो इथे. तालुक्यात एक शिकलेला मुलगा किंवा मुलगी, पाच वर्षांचं मानधन, झेरॉक्स आणि एसटीचा पास. निवडणूक पाच वर्षांनी येते, म्हणून मुदत पाच वर्षांची. तीन वर्षांच्या प्रकल्पाला निवडून आलेल्या माणसाची उतरती दोन वर्षं कधी दिसतच नाहीत.

गडचिरोलीतल्या काही ग्रामसभा याच्याही पुढे गेल्या. २०१७ च्या जिल्हा परिषद निवडणुकीत त्यांनी आपलीच माणसं उभी केली, आणि ग्रामसभांच्या पाठिंब्यावर लालसू नोगोटी व सैनू गोटा निवडून आले. विचारणारा आणि उत्तर देणारा एकच झाल्यावर सगळं सुटलं असं मात्र नाही. खाणींचे निर्णय जिल्हा परिषदेत होत नाहीत. २०२३ मध्ये एटापल्ली तालुक्यात तोडगट्टा इथे खाणींविरुद्ध कित्येक महिने धरणं चाललं. आसपासच्या गावांची माणसं आळीपाळीने, आपापला तांदूळ घेऊन येत होती. नोव्हेंबरात पोलिसांनी ते उठवलं. ठिय्या इतके महिने टिकला तो गावांच्या तांदळावर, आणि ज्यांच्याशी बोलायचं होतं ते मंत्री मुंबईत होते, साधारण हजार किलोमीटर लांब.